वलय नसलेली बशी

मुलांनो, जरा डोळे मिटून कल्पना करा. तुमच्या आतड्याला आतून मऊ अस्तर आहे आणि कुणीतरी इवल्याशा कात्रीनं त्याचे टाके उसवतंय. मग शरीर खवळतं, आतडं लाल होऊन सुजतं. यालाच दाह म्हणतात.

एका जंतूमुळे धाकटीच्या दादाचं तेच झालं होतं. सहा महिने शाळा बंद, पोटात कळा, रक्त. धावण्यात पहिला येणारा दादा आता भिंत धरून चालायचा. धाकटी दातओठ खायची. "एकदा तो जंतू माझ्या हाती लागू दे!"

तिची आत्या प्रयोगशाळेत तोच जंतू वाढवायची. सुट्टीच्या दुपारी ती धाकटीला सोबत घेऊन गेली. टेबलावर काचेच्या चाळीस बशा होत्या. आत दुधाची पावडर घालून थिजवलेली पांढरी जेली.

"सगळ्यांत तुझा वैरी आहे. दर बशीत औषध मात्र वेगळं. कुठलं लागू पडलं ते आज कळेल. हात लावू नकोस, शहाणे!" म्हणत आत्या हातमोजे आणायला गेली.

धाकटीनं बशा निरखल्या. एकोणचाळीस बशांत जंतूंच्या ठिपक्यांभोवती नितळ वलयं होती. औषधानं चाटूनपुसून नेल्यासारखी. एकाच बशीत वलय नव्हतं. ठिपके मात्र गुबगुबीत.

"मजेत बसलायस होय रे मेल्या? माझ्या दादाला रडवून?"

तिनं स्पिरिटची बाटली उचलली आणि अख्खी त्या बशीवर रिकामी केली.

आत्या दारातच थिजली. "अगं, काय केलंस हे? वलय म्हणजे कात्री चालल्याची खूण! जंतू एन्झाइम सोडतो, ते दुधातलं प्रथिन कापतं. दादाचं अस्तरही तेच कापतं. या एकाच बशीत कात्री बोथट झाली होती."

"पण जंतू तर जिवंत होता!"

"असू दे की. कापता आलं नाही तर तो करणार काय, कप्पाळ?"

आत्यानं बशी उलटून पाहिली. शाईनं लिहिलेला नंबर स्पिरिटनं धुऊन गेला होता. "आता यात कुठलं औषध होतं, ते कसं कळायचं?"

धाकटीनं डोळे पुसले. हातमोजे चढवले. उरलेल्या बशा एकेक करून उलटल्या, नंबर वाचत ओळीनं लावल्या. सोळानंतर थेट अठरा आला.

"आत्या, सतरा!" ती म्हणाली. "परत लाव. आणि या खेपेला त्याला मारायचं नाही. हात टेकलेला बघायचाय मला."

आणि ती दुधाच्या पावडरचा डबा शोधू लागली.