वळणावरचा दुसरा गिअर

गिअरबॉक्स घरात उघडायला अम्माची ना नव्हती, तिची ना होती ती परातीला. "रॉकेलचा वास लागल्यावर त्या परातीत पीठ कोण कालवणार? तुझी बायको?" असं तिने विचारलं. इळंगोला बायको नव्हती आणि ती नसण्याचं खापर अम्मा बारा महिने त्याच्यावरच फोडत असे, तेव्हा परात वाचवता वाचवता तिने तेवढंही एक काम उरकून घेतलं. इळंगोने मुकाट्याने कोबी धुवायचा प्लॅस्टिकचा टब ओढला, ओसरीवर पोती अंथरली आणि आढ्याला साखळी-पुली बांधून ते काळं तेलकट धूड गाडीच्या पोटातून बाहेर काढलं.

ब्रिंचांग गावाच्या वरच्या अंगाला, डांबर संपून लाल चिखलाची वाट सुरू होते तिथे, अशा जुन्या फोर-व्हील गाड्यांवाचून भाजीवाल्यांचं पान हलत नाही. ही गाडी इळंगोच्या वडिलांनी, आप्पांनी घेतलेली, त्याच्या जन्माआधीची. पत्रा ठिकठिकाणी ठोकलेला, एक दार तारेने बांधलेलं, पण आवाज असा खणखणीत की सगळा डोंगर तिला आवाजावरून ओळखी. अम्माचा तर संध्याकाळचा चहाच त्या आवाजावर ठरलेला होता. मुरुगनच्या देवळापाशी वळणावर चढ एकदम अंगावर येतो, तिथे तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. तसं येताना इळंगोचा थोरला भाऊ नेडुमारन, अम्माचा मारन आणि त्याचा अण्णा, क्लच दोनदा दाबून मध्ये ॲक्सिलरेटरने इंजिनाला एक हलकी फुंकर देई. ती फुंकर कानावर आली की अम्मा पातेलं चुलीवर ठेवायची, आणि गाडी अंगणात येऊन थांबेपर्यंत चहाला उकळी आलेली असायची.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती फुंकर आली, चहा उकळला, आणि गाडी आली नाही. कंदील घेऊन माणसं गेली तेव्हा ती वळणावरच उभी होती, तोंड घराकडे, दार नीट लावलेलं, किल्ली जागेवर. आत अण्णा नव्हता. पोलिसांनी खालची दरी धुंडाळली, रानातल्या लोकांनी ओढे पाहिले, पण चप्पलसुद्धा सापडली नाही. गाडीचा गिअर मात्र रिव्हर्समध्ये असा अडकला होता की कुणाच्या बापाला सुटला नाही, शेवटी ओढून आणून ती छपराखाली ठेवली, ती ठेवलीच. समोरून कुणाची गाडी आली असेल, तिला वाट द्यायला मागे घेतली असेल, असं लोक म्हणत. पण त्या वळणाच्या पुढे ह्यांच्या घराखेरीज घरच नाही आणि ह्यांच्या गाडीखेरीज गाडी नाही.

"वळण संपलं की दारातला दिवा दिसतो," अम्मा त्या वेळी एवढंच म्हणाली होती. "घर समोर दिसत असताना माणूस मागे कशाला जाईल?"

आता ह्या वर्षी वरच्या वाफ्यातला कोबी पाठीवरून आणता आणता इळंगोची कंबर धरली, तेव्हा कुठे त्याने गाडी सोडवायचं मनावर घेतलं. पहिल्या दिवशी त्याने वरचं झाकण काढलं, स्प्रिंगा आणि छर्रे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले आणि रिव्हर्स गिअर सरकवणारा काटा पाहिला. तो जागेवर चिकटून बसला होता. लाकडाचा तुकडा लावून हातोडीने दोन ठोके दिले, तसा तो जराही कुरकुर न करता सुटून मधे आला. इतक्या सहज सुटला म्हणून इळंगोला उलट थोडं वाईटच वाटलं.

संध्याकाळी धुकं खाली उतरलं, चहाच्या मळ्यातली माणसं घरी गेली, आणि तो हात रॉकेलने धूत असताना वळणाकडून गाडीचा आवाज आला. तिसऱ्या गिअरची ती ओळखीची लांब घरघर, मग क्लच, फुंकर, पुन्हा क्लच. दुसरा गिअर पडला आणि लगेच खडखडून सुटला. मग सगळं शांत झालं.

आत अम्माने पातेलं चुलीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"कुणाची तरी असेल गं," तो म्हणाला.

"हो ना," अम्मा म्हणाली, आणि फडताळातून तीन पेले काढले.

दुसऱ्या दिवशी त्याने शाफ्ट बाहेर काढून गिअर एकेक करून उतरवले. दुसऱ्या गिअरचे दात एका बाजूने साफ खाल्ले होते, आतली पितळी बुश ढिली होती. म्हणजे सुटत असणारच तो, चढावर तर हमखास. त्याने तो निराळा काढून ठेवला. त्या संध्याकाळी वळणावर क्लच दाबल्याचं ऐकू आलं, फुंकर आली, आणि पुढे इंजिन नुसतंच रडायला लागलं. गिअर शोधणाऱ्या हाताची चाचपड एवढ्या लांबून ऐकू येण्यासारखी नव्हती, पण इळंगोला ती स्वतःच्या तळव्यात जाणवली. बऱ्याच वेळाने आवाज विझला.

"आज चढेना झाली," अम्मा आतून म्हणाली. तिच्या बोलण्यात रागाचा किंवा भीतीचा मागमूसही नव्हता. "काय काढलंस तू?"

एकदा खात्री करून घ्यावी म्हणून तो पुढच्या संध्याकाळी जुनाच झिजका गिअर शाफ्टवर सरकवून वळणावर जाऊन उभा राहिला. देवळातला दिवा धुक्यात मिणमिणत होता, पानांवरून पाणी गळत होतं, आणि आवाज म्हणाल तर काही नाही. अंधार पडेपर्यंत थांबून तो परत आला, तर ओसरीत चहा निवत ठेवलेला आणि अम्मा उंबऱ्यावर बसलेली.

"वाटेत कशाला उभा राहिलास?" ती म्हणाली. "तुला पाहून थांबला ना तो."

त्यानंतर यापकाका आले. खालच्या वाटेवर त्यांचा गाड्या दुरुस्तीचा छोटा कारखाना होता, आणि डोंगरातल्या निम्म्या गाड्यांच्या आतड्यांत त्यांचे हात जाऊन आलेले होते. अण्णाला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. नवा दुसरा गिअर आणि बुश तेलकट कागदात गुंडाळून त्यांनी आणली होती.

"काय रे, बाळंतपण कुठवर आलं?" पोत्यावर मांडलेला पसारा बघत त्यांनी विचारलं. "एवढ्या दिवसांत मी तीन गिअरपेट्या जोडून दिल्या असत्या. तुझ्या हाताला घाई म्हणून ठाऊक नाही. म्हणूनच पोरी पळतात."

"तुमच्याकडून शिकलो असतो तर पळाल्या नसत्या."

"माझ्याकडून शिकायला तुझ्या अण्णासारखं डोकं..." काका हसत बोलत होते ते तिथेच थांबले. वळणावरून आवाज येत होता. त्यांनी मान तिरपी केली. गिऱ्हाइकाची गाडी तपासताना ते नेहमी तशी करत. "दुसरा सुटतोय हिचा," ते सवयीने म्हणाले, आणि मग त्यांची नजर हळूहळू पोत्यावर आली, उघड्या पेटीवर आली, छपराखालच्या पोट रिकामं झालेल्या गाडीवर गेली. त्यांनी कागदाचं पुडकं पायरीवर ठेवलं. अम्मा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते म्हणाले, "आज नको, वहिनी, पित्त झालंय," आणि उतार उतरून गेले. जाताना त्यांनी वळणाची वाट घेतली नाही, कोबीच्या वाफ्यांतून चिखल तुडवत गेले.

आता एवढंच उरलं होतं. नवा गिअर घालायचा, पेटी बंद करायची, की वळणावर अडलेला चढून घरी येणार. इळंगोला हे कळत होतं आणि अम्मालाही कळत होतं. इळंगोने झिजका गिअर शाफ्टवरून पुन्हा उतरवला, कागद सोडला, नव्या गिअरचे कोरे करकरीत दात अंगठ्याने चाचपले, आणि मग तो माइलो पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा खतांच्या गोण्यांमागे सरकवला. "बुश मापाची नाही निघाली," त्याने अम्माला सांगितलं. "काका दुसरी मागवतायत."

खरं सांगायचं तर त्याला अण्णा यायला नको होता. ह्याचं त्याला स्वतःलाच फार वाईट वाटलं, पण होतं ते होतं. त्याचा अण्णावर जीव होता. लहानपणी ह्याच गाडीत अण्णाच्या मांडीवर बसून तो गिअरच्या दांड्यावर हात ठेवायला शिकला होता, वर अण्णाचा हात. पण अण्णा घरात असला की इळंगो घरात नसल्यासारखाच असे. पहिला भात अण्णाला, वाफ्यांचा निर्णय अण्णाचा, दारावर आलेला माणूस विचारायचा तो अण्णाला. गेल्या दोन वर्षांत पहिला भात त्याच्या पानात पडत होता, खुंटीवरचा अण्णाचा करडा स्वेटर त्याच्या अंगात बसला होता, आणि कोपरं फाटल्यावर अम्माने तो त्याच्या मापाने रफू करून दिला होता.

तो स्वेटर त्याने पहिल्यांदा घातला ती संध्याकाळ त्याला लख्ख आठवत होती. तो वाफ्यांतून भिजून आला होता, थंडी वाजत होती म्हणून हाताला लागला तो अंगात घातला, अण्णाचा मोठा पेला उचलला आणि दारात दिव्याखाली उभा राहून चहा प्यायला लागला. अम्मा चुलीपाशी होती. तिने मागून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, मला वाटलं मारनच आला. थोरला शोभतोस की रे." दोघं हसली होती. तेवढं गोड त्याला अम्मा कधी बोलली नव्हती. त्याच संध्याकाळी अण्णा आला नाही, म्हणून ती आठवण त्याने नंतर कुणाला सांगितली नाही, पण मनात जपली होती.

डबा लपवल्यानंतर रोज संध्याकाळी इंजिन वळणावर येऊन रडत राहिलं. अम्मा रोज पातेलं ठेवी आणि रोज तिसरा पेला मोरीत ओतून टाकी. आणि मग एका दुपारी तो जेवायला बसला, तर पानाशेजारी, लोणच्याच्या वाटीला लागून, तो गिअर ठेवलेला होता. राखेने घासून, धुऊन, फडक्याने पुसून.

"हा राहिला होता," अम्मा म्हणाली, आणि त्याच्या पानात पहिला भात वाढला.

त्याने खाली मान घालून जेवण संपवलं. मग हात धुतले आणि पेटी जोडायला बसला. एकदा बसल्यावर मात्र त्याने हातचं राखून काही केलं नाही. बुश बसवली, गिअर चढवला, शाफ्ट फिरवून पाहिला, काटे आपापल्या खाचांत घातले, छर्रे, त्यांवर स्प्रिंगा, झाकण. प्रत्येक गिअर टाकून पाहिला. दुसरा लोण्यासारखा पडला. शेवटी त्याने दांडा मधे, न्यूट्रलला आणून ठेवला, वरून नवं तेल ओतलं, आणि त्याला वाटलं की आपण चांगलं काम केलं, आता येऊ दे ज्याला यायचं त्याला. हवेत गारठा आला होता. त्याने खुंटीवरचा स्वेटर घातला. अम्माने चहा केलाच होता, पण इंजिनाचा आवाज आल्याखेरीज ती ओतणार नव्हती, तेव्हा तो दारात जाऊन उभा राहिला.

आवाज आला. तिसऱ्या गिअरची घरघर, क्लच, फुंकर, क्लच, आणि दुसरा गिअर पडला तो पडलाच. इंजिनाने चढ अंगावर घेतला. देऊळ मागे पडलं, वळण संपलं, धुक्यातून आवाज सरळ अंगणाच्या दिशेने येऊ लागला, जवळ, आणखी जवळ, आणि अम्माने आत तीन पेले भरले. धुक्यात दिसत काही नव्हतं. इळंगोचे डोळे भरून आले होते. त्याला वाटलं, हाक मारावी. त्याने पाऊल पुढे टाकलं, दिव्याच्या उजेडात आला.

आवाज अंगणाच्या तोंडाशी थांबला. इंजिन हळू आवाजात चालू राहिलं. कुणी समोर नीट पाहायला लागावं आणि पाहताना हातातलं काम विसरावं, एवढा वेळ ते तसंच चालू राहिलं. मग क्लच दाबल्याचा आवाज झाला, आणि रिव्हर्सची ती बारीक, चिरकी किरकिर धुक्यात सुरू झाली. मागे, मागे, वळणापर्यंत. तिथे ती थांबली.

अम्मा हातात पेला घेऊन त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने त्याच्याकडे, अंगातल्या त्या करड्या स्वेटरसकट, आपादमस्तक पाहिलं.

"त्या दिवशीपण असाच उभा होतास," ती म्हणाली.

तिने पेला उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली. इळंगो ओसरीच्या कोपऱ्यात, पोत्यांवरच्या पेटीपाशी आला. दांडा मधे नव्हता. तो रिव्हर्सला होता, आणि दोन्ही हातांनी जोर लावूनही तसूभर हलेना. पेटीवर तळवा टेकवला तर ती गरम होती, चढ चढून आल्यावर असते तेवढी.

मग त्याने अंगातला स्वेटर काढला, नीट घडी केली, आत जाऊन तो अण्णाच्या खुंटीवर परत ठेवला, आणि पाना घेऊन झाकणाचे बोल्ट पुन्हा एकेक करून ढिले करायला सुरुवात केली.