चौथ्या तासाचा फोटो

तपासणीच्या आधी तीन दिवस उलटीची गोळी पूर्ण बंद ठेवा, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. त्या तीन दिवसांनी धाकटीचा पार चोथा केला. सकाळचा घास संध्याकाळी जसाच्या तसा बाहेर यायचा. शिलाई मशिनपाशी बसली की दोन टाके होईतो तिची मान मशिनवर टेकायची, आणि गिऱ्हाइकांचे कपडे खुंटीवर तसेच लटकून राहायचे.

घरात दोन भाऊ आणि त्यांच्या दोन बायका, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. त्यांना नावानं हाक मारायची वेळ घरात कुणावर येतच नसे. धाकटी पंचेचाळिशीची. कुणाची पँट आखूड कर, कुणाची कंबर सैल कर, अशी कामं घरी बसून करायची. वीस वर्षं तिला मधुमेह होता, पण त्याच्याशी तिचं एव्हाना जमून गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी पोट बिनसलं, त्याच्याशी मात्र जमेना. चार घास खाल्ले की पोट टम्म, मळमळ, आणि मग न्हाणीघराकडे धाव.

पहिले काही महिने घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग सवय झाली आणि त्यानंतर कंटाळा आला. दुर्बिणीनं पोट पाहून घेतलं. जखम नाही, गाठ नाही, काहीच नाही. "काही नाही म्हणजे चांगलंच की," असं म्हणून नवरा कामावर गेला. थोरली स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझ्या हातचं गोड लागत नाही असं सरळ सांग ना बाई. नाटकं कशाला?"

थोरली सगळ्यांनाच असं बोलायची. सकाळी बोललेलं दुपारी तिच्या लक्षातही नसायचं. पण 'नाटकं' हा शब्द धाकटीच्या मनात रुतून बसला, कारण रात्री पडल्या पडल्या तिला स्वतःलाही तीच शंका येऊ लागली होती.

मग एका नव्या डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं. "पोटाची रचना ठीक आहे. पण पोट काम करतंय का, ते कुणी पाहिलंच नाहीये. इतक्या वर्षांच्या साखरेनं नसा मंदावतात. अन्न पोटात नुसतं पडून राहतं. किती वेळ पडून राहतं ते मोजता येतं. मोजून घेऊ."

मोजून घेऊ! धाकटीला हे शब्द फार आवडले. तिचा सगळा जन्म मोजमापात गेला होता.

तपासणीच्या दिवशी नवऱ्याला सुटी मिळाली नाही, म्हणून थोरली बरोबर निघाली. सकाळी तिनंच धाकटीचं सगळं आवरून दिलं, सांगितलं होतं तेवढंच इन्सुलिन मोजून दिलं, रोजच्या गोळ्या हातावर ठेवल्या. धाकटीनं त्या घोटभर पाण्याबरोबर घशाखाली ढकलल्या. किती होत्या, कसल्या होत्या, तिनं पाहिलंही नाही. डोळे उघडे ठेवणंच जड जात होतं.

न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग हॉस्पिटलच्या तळघरात होता. दारावर पिवळा त्रिकोण आणि त्यात तीन पात्यांचं काळं चिन्ह. आत फक्त पेशंटलाच सोडत होते. थोरली बाहेरच्या बाकावर बसली.

आतल्या तंत्रज्ञ मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. चष्मा गळ्यात दोरीला, पावलं सुजलेली, बुटांच्या टाचा मागून दुमडलेल्या. जोडीदार रजेवर, त्यामुळे कॅमेरा, फोन आणि पेशंट सगळं त्यांच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं. त्यांनी बोट टोचून साखर पाहिली आणि कागद समोर धरला.

"रात्रीपासून काही खाल्लंत?"

"नाही."

"तीन दिवसांत उलटीची, पोटाची कुठली गोळी?"

"नाही. म्हणून तर ही दशा झालीय."

"सही करा."

मग मॅडमनी शिशाच्या जाड डबीतून एक इवलीशी सिरिंज काढली, तिच्यातलं औषध अंड्याच्या पांढऱ्या बलकात मिसळलं आणि भांडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. "हे औषध जरासं किरणं सोडतं. उद्यापर्यंत विझून जातं. घास पोटात कुठे आहे, किती आहे, ते कॅमेऱ्याला यानंच कळतं. औषधाला चव नसते बरं का. लागलीच काही चव, तर ती माझ्या स्वयंपाकाची."

अंडं, दोन टोस्ट, थोडा जॅम आणि ग्लासभर पाणी. दहा मिनिटांत संपवायचं होतं. धाकटी घास मोजत खात राहिली. प्रत्येक घासाला वाटे, हा आता परत येणार. पण आला नाही. शेवटचा तुकडा गिळून ती तशीच बसून राहिली, कुणी मागून हाक मारेल अशा भीतीनं.

कॅमेरा म्हणजे दोन मोठ्या चौकोनी पाट्या. त्यांच्या मधोमध उभं राहायचं, एक पाटी छातीपोटापाशी आणि दुसरी पाठीशी. "हलू नका. एकच मिनिट." पडद्यावर ठिपके जमत गेले आणि त्यांचा एक ढबूसा तुकडा तयार झाला. "हे तुमचं पोट. आत्ता शंभर टक्के. आता एक तासानं या, मग दोन, मग चार. मध्ये काही खायचं नाही, फार फिरायचं नाही. आणि उलटी झाली तर लपवू नका, सगळं बाद करावं लागेल."

बाहेर थोरली बसली होती, हातांची घडी घालून, गप्प. थोरली गप्प बसली आहे हे एरवी धाकटीला खटकलं असतं. पण तिला भिंतीला डोकं टेकायला मिळालं, तेवढं पुरे होतं.

पहिल्या तासाचा फोटो झाला. दुसऱ्या तासाला मॅडम पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "अर्ध्याहून जास्त खाली उतरलंय. छान चाललंय."

छान? छान कसं? बाहेर येऊन तिनं काही सांगितलं नाही. पुढचे दोन तास ती मनातल्या मनात एकच गोष्ट मागत राहिली, आणि मागताना तिची तिलाच लाज वाटत होती. आपल्या पोटात काहीतरी बिघडलेलं निघू दे, मोजता येईल असं काहीतरी.

चौथ्या तासाला मॅडमनी आकडे लावले. "नऊ टक्के उरलंय. दहाच्या आत असलं तर ठीक धरतात. अहवाल डॉक्टर देतील, पण तुम्ही काळजी करू नका."

इथे माणसं हसतात, आभार मानतात. धाकटीनं कपडे बदलायच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तोंडात रुमाल कोंबून रडली.

बाहेर आल्यावर थोरलीनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"जिंकलात ताई तुम्ही. पोट उत्तम चालतंय. नाटकंच होती माझी, घरी सांगून टाका." आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं, त्यामुळे ते अगदी साधं, हवापाण्याबद्दल बोलल्यासारखं आलं.

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली, पिवळ्या त्रिकोणाचं दार ढकलून सरळ आत गेली. "अहो बाई, इथे यायचं नाही," असं मॅडम म्हणेपर्यंत ती टेबलापाशी पोचली होती.

"सकाळी मी तिला उलटीची गोळी दिलीय."

मॅडमनी चष्मा डोळ्यांना लावला. "काय दिलीत?"

"गोळी. बाकीच्या गोळ्यांत मिसळून दिली. तिला माहीत नाही."

"कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं! वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"मग? ती गोळी पोट हलवायलाच असते. ती घेऊन पोट चांगलं चाललं, तर त्यात मोजलं काय? सकाळपासून माझी ही खोली, हे औषध, या बिचारीचे चार तास, सगळं गेलं पाण्यात." मॅडम खुर्चीत बसल्या. आणखी रागवायचं त्यांच्या मनात असावं, पण त्यांनी नुसतं कपाळ चोळलं. "का केलंत असं?"

थोरली दाराकडे वळून बोलली, कारण दारात धाकटी उभी होती. "तीन दिवस न्हाणीघराच्या दाराशी कोण उभं होतं? मीच ना? पाठ चोळायला मी, बादली धुवायला मी. काल तर नुसतं हिरवं पाणी पडत होतं. बसमध्ये हिला काही झालं असतं तर एकटी मी काय करणार होते? म्हटलं, एका गोळीनं काय होतंय."

मॅडमनी अहवालावर आडवी रेघ मारली, एक ओळ लिहिली, आणि दहा दिवसांनंतरची तारीख दिली. पुन्हा तीन दिवस गोळी बंद.

दोघी बसथांब्यापर्यंत आल्या. थांब्यावर धाकटीला जरा जोर आला. "दोन वर्षं मला नाटकी म्हणालात. घरातल्यांसमोर, शेजारणींसमोर. आणि आज एक दिवस मला माझं खरं करून घ्यायचं होतं, तर तोही तुम्ही..."

"नाटकाला कोण गोळी देतं गं?" थोरली म्हणाली.

बस आली. खिडकीची जागा थोरलीनं तिला दिली आणि पिशवीतली प्लॅस्टिकची पिशवी उघडून स्वतःच्या मांडीवर तयार ठेवली. लागली नाही ती. पण घर येईपर्यंत थोरलीनं ती मिटली नाही.

दुसऱ्या खेपेचे तीन दिवस पहिल्यापेक्षा वाईट गेले, कारण या वेळी ते कसे जाणार हे माहीत होतं. थोरलीनं उलटीच्या गोळ्यांचं पाकीट कपाटात कुलूपबंद केलं आणि किल्ली धाकटीच्या नवऱ्याच्या हातात दिली. "भावजी, ही तुमच्याकडे ठेवा. माझा माझ्यावर भरवसा नाही." नवऱ्यानं किल्ली खिशात टाकली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बायकोला विचारलं, "फार होतंय का गं?" ती म्हणाली, "होतंय." एवढंच. पण तो उशिरापर्यंत तिच्याजवळ बसून राहिला.

तळघरात मॅडमनी दोघींना ओळखलं. या वेळी त्यांनी थोरलीलाही आत बोलावलं आणि विचारलं, "काही दिलंय?"

"पाणीसुद्धा तिनं स्वतः घेतलंय."

पहिल्या तासाचा फोटो काढून झाला. दुसऱ्या तासाचा फोटो पहिल्यासारखाच दिसत होता, तोच ढबू तुकडा त्याच जागी ठाण मांडून. साडेतीन तास झाले तेव्हा बाहेरच्या बाकावर धाकटीला उमळून आलं. कपाळावर घाम, हात गार. उलटी झाली असती तर हेही बाद झालं असतं.

"ताई, येणार आता."

"येऊ द्यायचं नाही." थोरलीनं तिचा हात घट्ट धरला. "ताठ बस. माझ्याकडे बघ. श्वास घे. आता मला सांग, पँटची लांबी कशी घेतात?"

"काय?"

"सांग. मला शिकायचंय."

"तुम्हाला सुई धरता येत नाही ताई."

"म्हणून तर विचारतेय. कंबरेपासून घेतात का?"

धाकटी दात आवळून सांगत गेली. कंबरेपासून टाचेपर्यंत बाहेरून, मग आतून, मग मांडी, मग गुडघा. थोरली मुद्दाम चुकीचं समजत होती आणि धाकटी तिला दुरुस्त करत होती. मधूनच ती थांबायची, आवंढा गिळायची, आणि थोरली म्हणायची, "हं, पुढे." अर्धा तास असा ढकलला. मग आतून मॅडमनी हाक मारली आणि धाकटी भिंतीला धरून कॅमेऱ्याच्या दोन पाट्यांमध्ये जाऊन उभी राहिली.

"बेचाळीस टक्के," मॅडम म्हणाल्या. "चार तासांनंतर निम्म्याला थोडंच कमी अजून तिथेच आहे." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "तुमचं पोट खरंच चालत नाहीये हो. कशी काढलीत दोन वर्षं?"

धाकटीला वाटलं होतं, हे ऐकल्यावर हलकं वाटेल. पण तिला फक्त बसावंसं वाटलं. तिनं बसायला जागा शोधली, बसली, आणि दोन मिनिटांत बसल्या जागी तिचा डोळा लागला. मॅडमनी तिला उठवलं नाही. पुढचा पेशंट तोवर बाहेर थांबला.

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात सगळं समजावलं. पुरतं बरं होईलच असं नाही. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, मऊ शिजवलेलं, गाळलेलं, तेलतूप कमी. साखर ताब्यात. गोळी जेवणाआधी, रोज. काही दिवस बरे जातील, काही नाही.

घरी अहवाल थोरलीनंच वाचून दाखवला, दोन्ही भावांना समोर बसवून. आकड्याशी आली तेव्हा मुद्दाम दोनदा वाचला. माफी थोरलीनं मागितली नाही, आणि धाकटीनंही तिची वाट पाहिली नाही. 'नाटक' हा शब्द मात्र त्या स्वयंपाकघरात पुन्हा ऐकू आला नाही. त्याच्या जागी नवी कुरकुर सुरू झाली.

"सहा वेळा गाळायचं, सहा वेळा वाढायचं! मी काय खानावळ उघडलीय?" असं म्हणत थोरली चाळणीवर चमचा घासत राहायची. मग वाटी आणून पुढ्यात आदळायची. "चारच चमचे आहेत. संपव, आणि पाव तास हलू नकोस."

धाकटी चार चमचे खायची. कधी ते राहायचे, कधी नाही. राहिले नाहीत त्या दिवशी थोरली वाटी उचलून न्यायची आणि दोन तासांनी तेवढेच चमचे पुन्हा घेऊन यायची.