चार नंबरला उंट

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण आमच्या हॉटेलात मला खुर्ची असं कोणी म्हणतच नाही. सगळे उंट म्हणतात. त्याचं वाईट वाटून घ्यायचं मी केव्हाच सोडलं. माझे पाय लांब, बसायची जागा एवढीशी आणि समोर एक फळी. नुकतंच बसायला शिकलेल्या बाळांना मोठ्यांच्या टेबलाशी जागा मिळावी, म्हणून माझा जन्म झाला.

हॉटेलचा काउंटर बनवून चांगल्या लाकडाचे काही तुकडे उरले होते. मालकीणबाईंनी ते वाया जाऊ दिले नाहीत. सुताराने माझे कोपरे तीनतीनदा घासले, स्वतःच्या गालाला लावून पाहिले आणि मगच मला हातावेगळी केली. मला पाहताच आचारी म्हणाला, "हा उंट बांधायचा कुठे?" झालं, तेच नाव पडलं.

माझी उमेदीची वर्षं मजेत गेली. फळीवर भात सांडला, सूप सांडलं, चमच्यांनी ताल धरला. डाव्या कडेवर कोणाकोणाच्या पहिल्या दातांच्या खुणा आहेत, त्या मी अजून मिरवते. "बरं झालं ही आहे," असं एखादी आई म्हणाली की माझ्या लाकडी अंगावरसुद्धा मूठभर मांस चढायचं.

मग एके दिवशी माझ्या पट्ट्याची कडी तुटली आणि एक गुटगुटीत बाळ सरकत सरकत फळीखाली गेलं. त्याच्या मावशीने वरच्यावर झेललं म्हणून निभावलं. मालकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मला कोठीच्या खोलीत ठेवलं आणि माझ्यावर बटाट्यांचं पोतं आलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण दुरुस्त करू, करू म्हणता दीड वर्ष निघून गेलं.

कोठीचं दार उघडं असलं की मला बाहेरची टेबलं दिसायची. बाळ घेऊन आलेले आईबाप आळीपाळीने जेवायचे. एकाने घास घ्यायचा, दुसऱ्याने बाळाला खांद्यावर टाकून फुटपाथवर येरझारा घालायच्या. गार झालेलं ताट बहुतेक वेळा आईच्याच वाट्याला यायचं. मी आपली बटाटे सांभाळत बघत बसायचे आणि माझा जीव तुटायचा.

परवा दुपारी एक नवराबायको आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन आले. बाळ झाल्यापासून ते पहिल्यांदाच बाहेर जेवायला आले होते. कोठीसमोरच्याच चार नंबरच्या टेबलाशी बसले, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. मुलीची चुळबुळ सुरू झाली तशी आई उठली.

"तू जेवून घे आधी," ती नवऱ्याला म्हणाली. "मी हिला फिरवून आणते. गरम जेवणाची चव मी विसरलेच आहे, त्यात आणखी एक दिवस."

पाणी ठेवायला आलेल्या वेटरकाकांच्या कानावर हे पडलं. ते तिला दहा मिनिटं बसायला सांगून तडक मालकीणबाईंकडे गेले. त्या आधी नाहीच म्हणाल्या. काकांनी गयावया केली. शेजारी दप्तरं शिवणारा बसतो, नवा पट्टा लावायला त्याला कितीसा वेळ लागणार? शेवटी मालकीणबाई कबूल झाल्या, पण आपली खात्री पटल्याशिवाय बाळ बसवायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. आचाऱ्याला सूप थांबवायला सांगितलं.

दप्तरवाल्याने दप्तराचाच जाड पट्टा नव्या कडीसकट दुहेरी शिवणीने लावून दिला. मालकीणबाईंनी तेच बटाट्यांचं पोतं माझ्यात बसवलं, कडी अडकवली आणि मला गदागदा हलवलं. माझा जीव टांगणीला लागला होता. पोतं तसूभरही सरकलं नाही. "चालेल," त्या म्हणाल्या.

काकांनी मला गरम पाण्याने पुसलं आणि जुन्या सवयीने हाक दिली, "चार नंबरला उंट!"

आता गंमत अशी, की चार नंबरच्या त्या नवऱ्याचे पाय टेबलाखाली मावत नव्हते आणि मानही चांगलीच लांब होती. बिचाऱ्याचे कान लाल झाले. बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

"तुला इथे ओळखतात वाटतं," ती म्हणाली आणि हसतच सुटली. तिचं बघून मुलगीही खिदळायला लागली. काकांनी जीभ चावली, माफी मागितली, मला पुढे करून सगळा खुलासा केला. नवऱ्याने माझी पाठ थोपटली. म्हणाला, "म्हणजे आम्ही एकाच कळपातले."

मुलगी बसली, कडी खट्कन लागली. तिने फळीवर दोन्ही हात आपटले आणि वाकून माझी डावी कड चघळायला घेतली. सूप आलं. आईने चमचा उचलला, तो अर्ध्यावरच थांबला, कारण तिची नजर मुलीवर होती. मुलीला मात्र आईकडे बघायला फुरसत नव्हती. मग आईने एक घोट घेतला.

"गरम आहे," ती हळूच म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. नवऱ्याने पावाची बशी तिच्याकडे सरकवली. वाटी रिकामी होईपर्यंत ती एकदाही उठली नाही. दीड वर्षांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि मी बटाट्यांबद्दल बोलत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची एखादी कडी तुटली तर ती लगेच बसवून घ्या, कोठीत टाकू नका. आणि जेवायला गेल्यावर कोणाची आई बाळाला घेऊन बाहेर येरझारा घालताना दिसली, तर तिच्यासाठी माझ्यासारखी खुर्ची मागा. मला उंट म्हणालात तरी माझी हरकत नाही. फक्त हाक मारण्याआधी तिचा नवरा किती उंच आहे, तेवढं बघून घ्या.