दारोदार फिरणारी पाटी

मंडळ बंद झालं म्हणून सही करा, म्हणे! माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच केकचा तुकडा तोंडात कोंबून दीटमार मला हे सांगत होता. जन्म आमच्याच गल्लीतला. नव्वद साली अख्खं गाव जर्मनीला गेलं, त्यात त्याचे आईबापही गेले. आता तो तिकडच्या संग्रहालयाचा माणूस, आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवायला आमची पाटी हवी होती.

पाटी म्हणजे तळहाताएवढी, बदामाच्या आकाराची लाकडी फळी, आमच्या गल्लीच्या शेजारमंडळाची. कुणी गेलं की तिच्यावर चिठ्ठी अडकवायची आणि ती एका दारातून पुढच्या दारात, हातोहात. जिथं अडकली त्या घराला घडाभर वाइनचा दंड. रुमानियातल्या ट्रान्सिल्वेनियातले आम्ही जर्मन शेकडो वर्षं असंच एकमेकांना पुरत आलो. आमचं माणूस भाडोत्री हातांनी कधी मातीआड गेलं नाही.

आणि त्याच सकाळी आमच्या मंडळातली रेगीना गेली होती.

"अग्नेथामावशी, उरलात किती? तुम्ही, तो लंगडा मार्टिन आणि दोन म्हाताऱ्या," दीटमार म्हणाला. "खड्डा कोण खणणार? बाहेरची माणसं बोलवावीच लागतील. आणि ती आली की मंडळ संपलं. तुमच्याच नियमात आहे."

आहे खरं. सध्या शेजारबाप, म्हणजे मंडळाची प्रमुख, मीच, बाई असून बाप! त्यामुळे नियमांची वहीही माझ्याच कपाटात. काढली आणि आपटली त्याच्यासमोर. शंभरदा वाचलेलं पहिलं कलम पुन्हा वाचलं, आणि माझी मलाच लाज वाटली. 'या गल्लीत ज्या घराची चूल पेटते, ते घर मंडळाचं.' घर! भाषेचं नाव नाही, रक्ताचं नाव नाही. आणि आम्ही काय करत होतो? जर्मनीला गेलेल्यांनी विकलेली घरं गाळून पाटी पुढे नेत होतो. असं कुणी ठरवलं नव्हतं हो. आपली माणसं गेली तशी त्यांची दारंही गेली, असं धरून चाललो.

एप्रनला हात पुसले, चिठ्ठी अडकवली नि निघाले.

"मावशी, ती रुमानियन माणसं आहेत!" दीटमार मागून ओरडला. "हा आपला वारसा आहे!"

"मग उचल की फावडं, वारसदारा!"

पहिलं दार त्याच्याच बापाच्या जुन्या घराचं. आता तिथं इलिये राहतो, सुतारकाम करतो. "रेगीना गेली. उद्या दहाला खणायचंय," म्हटलं आणि पाटी पुढे केली.

त्यानं घेतली नाही. "एकतीस वर्षं झाली, मावशी. खिडकीतून बघायचो, पाटी माझं दार सोडून पुढे जायची. माझा बाप गेला तेव्हाही तुमच्यातलं कुणी फिरकलं नाही. आमचं काय चुकलं होतं?"

मी कुणापुढे मान खाली घालणारी बाई नव्हे. तिथं घातली. "तुमचं काही नाही रे. नियम आम्ही मोडला. दंड आम्हाला. पण रेगीनाला भाडोत्री हातांत देऊ नकोस."

 मग सदऱ्याला हात पुसून त्यानं पाटी घेतली आणि तसाच अनवाणी शेजारच्या दारात गेला. दुपारच्या आत ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून माझ्याकडे परत आली. आणून देणाऱ्या बाईचं नावही मला ठाऊक नव्हतं. मग विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी आधी इलियेच्या दारात वाइनचा घडा ठेवला आणि मग दफनभूमीत गेले. तिथं चौदा फावडी होती. दीटमार सहीच्या कागदांची फाइल घेऊन कडेला उभा होता.

"हे कुठल्या घरचे?" इलियेनं घाम पुसत विचारलं.

"पाहुणे आहेत," मी म्हटलं. "या गल्लीत यांची चूल नाही."

मग आम्ही रेगीनाला खाली सोडलं.