खोळ गळेपर्यंत

मी खिडकीसमोरचा बांबू बोलतोय. बासरीशी माझे नाते जोडू नका. ते आमच्यातल्या सडपातळ नातलगांचे काम. माझी जात परांच्या, शिड्या आणि वासे होण्यासाठी जन्मलेली. मला मात्र बागेत आणले ते एक भिंत झाकण्यासाठी.

भिंत शेजारच्या गोदामाची, करडी, ओल आलेली. तिच्यासमोरच्या खोलीत एक शिंपी पलंगावर पडून असे. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात आणि पाय दुबळे झाले होते. त्याची बायको निवृत्त परिचारिका. "दिवसभर ही भिंत बघून धडधाकट माणूसही आजारी पडेल," असे म्हणत तिने माझा कंद मातीत पुरला आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर दिला.

एक गैरसमज येथेच दूर करतो. माझी काठी झाडाच्या खोडासारखी वर्षानुवर्षे जाड होत नाही. कोंब जेवढ्या जाडीचा जमिनीतून येतो तेवढाच राहतो, आणि उंचीही एकाच हंगामात गाठतो. सुरुवातीची वर्षे मी जमिनीखालीच पसरत होतो. वर आल्या त्या बारीक काड्या.

"सिस्टर, हे बांबू आहेत की विणायच्या सुया?" शिंपी पलंगावरून विचारी.

"कळ काढा, मास्तर. आणि तोंड उघडा, औषध घ्यायचंय."

नवराबायकोची ही एकमेकांना हाक मारण्याची रीत. त्यात लाड किती आणि टोमणा किती, हे मला अजून निश्चित सांगता येत नाही.

मग एका हंगामात मनगटाएवढे कोंब आले. प्रत्येक कोंबावर तपकिरी, लवदार खोळ असते. आतले कांडे वाढून निबर झाले की ती आपसूक गळते. पण जन्मभर मळक्या पट्ट्या बदलत आलेल्या त्या बाईला खोळ बघवेना. रोज सकाळी हातमोजे घालून ती माझ्या खोळी सोलून काढी. तिची बोटे इतकी हळुवार की मला रागावताही येईना. उघडी पडलेली माझी कांडी मात्र आखूड राहिली. भिंतीच्या निम्म्यावरच मी थांबलो.

"एवढा जीव लावला, तरी खुंटलाच," सोललेली खोळ हातात घेऊन ती पलंगाशी बसली. "उपटून टाकते आता."

शिंप्याने डाव्या हाताने खोळीची कड चाचपली. "ही गळलेली नाही. ओरबाडलेली आहे, कड ओली लागतेय."

"मळकट दिसत होती हो."

"अगं, पक्की शिवण पडायच्या आत कच्चा टाका उसवलास, तर कापड जागेवर राहील का?"

सवयीने तिचा हात त्याच्या सदऱ्याच्या बटणाकडे गेला.

"तेही राहू दे," तो हलकेच म्हणाला. "व्यायाम शिकवायला येते ती बाई काय सांगून गेली? जमेल ते स्वतःच करा. जन्मभर लोकांच्या कपड्यांना काजं केली मी. माझं बटण तरी मला लावू दे."

"तासभर लागेल तुम्हाला."

"लागू दे. मला कुठे मुहूर्त गाठायचाय?"

पुढच्या हंगामात नवे कोंब आले. ती रोज यायची, हात पाठीमागे बांधून बघायची आणि परत जायची. आत तो बटणाशी झुंजत असताना ती स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत बसे. मी एकेक खोळ माझ्या वेळेने टाकली, खिडकीची चौकट ओलांडली, मग भिंतही ओलांडली. पाने फुटली ती पार वर.

"नुसत्या काठ्याच दिसतात. पानं कुठायत?"

"वर. बघायची तर उठावं लागेल, मास्तर."

त्या दिवशी तो उठला नाही. बरेच दिवस उठला नाही. मग एका सकाळी चौकट धरून तो खिडकीशी उभा राहिला. ती पाऊलभर मागे, हात तयार, पण न लावलेले. मान मागे टाकून तो माझ्या शेंड्याकडे पाहत राहिला.

त्याच्या सदऱ्याची बटणे वरपासून खालपर्यंत एक एक घर चुकली होती. कसलेल्या शिंप्याचा सदरा! तिची बोटे पुढे झाली, आणि तिने ती पाठीमागे नेली.

"चुकलंय का गं काही?"

"नाही," ती म्हणाली. "छान बसलाय."

आता माझ्या जुन्या काठ्या कापून खुशाल न्या; नव्यांना हवा मिळेल. कोवळ्या कोंबाची खोळ मात्र त्याची त्याला टाकू द्या. तोवर जवळ उभे राहा, एवढेच मागणे.