एक तरी तक्रार

मी टेकडीवरचा मनोरा बोलतोय. टीव्ही आणि रेडिओ, दोन्ही माझ्याच अंगातून गावोगाव जायचे. नीट ऐका. दोनदा सांगायची मला सवय नाही.

माझा एकेक तुकडा माणसांनी खांद्यावरून वर आणला. उद्घाटनाला पुढारी आले. म्हणाले, आता अज्ञान पळून जाईल. अज्ञान कुठे गेलं नाही; संध्याकाळी सातला सगळ्यांच्या आधी पडद्यासमोर येऊन बसायचं.

पण दरारा होता माझा. पाच मिनिटं चित्र गेलं की टेकडीखाली सायकलींची रांग. "ओ ऑपरेटर, झोपलात काय? तिकडे सामना रंगलाय!" ऑपरेटर वरवर चिडायचा, मिशीत हसायचा.

पुढे छपरांवर डिश लागल्या, मग खिशात फोन आले. शिव्या थांबल्या. ऑपरेटर मात्र रोज सकाळी सहाला मला चालू करून वहीत लिहायचा, 'प्रक्षेपण सुरळीत'. कोणासाठी, त्याचा रकाना वहीत नव्हता.

एक दिवस वरून पत्र आलं. महिन्याभरात एकही तक्रार आली नाही, तर केंद्राची गरज नाही असं समजून ते बंद करण्यात येईल.

ऑपरेटरचा जन्म इथे गेलेला. त्यानं पंचवीस दिवस वाट पाहिली. सव्विसाव्या दिवशी त्यानं मला मुद्दाम बंद केलं. टीव्ही, रेडिओ, शेंड्यावरचा लाल दिवा, सगळं. आणि शिव्या खायला फाटकाशी खुर्ची टाकून बसला.

दोन दिवस कुत्रंही फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी पायथ्याची म्हातारी काठी टेकत वर आली. ऑपरेटर ताडकन उठला.

"या मावशी, या! बसा. काय दिसत नाही?"

"दिसतंय काय, कपाळ! दिवा कुठाय तुझा? अंधार पडला की त्याच्या रोखानं घर गाठते मी. काल शेजारणीच्या गोठ्यात शिरले!"

"आणि टीव्ही? रेडिओ?"

"अगं बाई, तेही इथूनच येतं होय?"

ऑपरेटरनं वही उघडली. मग तिचं म्हणणं त्यानं जसंच्या तसं लिहून घेतलं. एक शब्द पदरचा घातला नाही. याचा मला अभिमान आहे.

आठवड्यात उत्तर आलं. 'तक्रारीची दखल घेण्यात आली आहे. दिवा चालू ठेवावा. बाकी केंद्र बंद करावे.'

यंत्रं गेली. ऑपरेटरची बदली झाली. जाताना त्यानं वर पाहिलं नाही.

आता मी तीनशे फूट उंचीचा दिव्याचा खांब आहे. विनंत्या करणं माझ्या स्वभावात नाही. म्हातारी रोज स्वतःच्याच घरात शिरते, एवढं वरून पाहतो. वही असती तर लिहिलं असतं.

प्रक्षेपण सुरळीत.