छत्तीस हजार किलोमीटरवर हाक

आमोस भिंगारदिवे सरांनी राहुरीजवळच्या एका शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्या चौतीस वर्षांत तिसऱ्या बाकाच्या मागे बसलेल्या एकाही मुलाला ते काय शिकवतात याचा पत्ता लागला नाही. ज्ञान भरपूर होतं. आवाज तेवढा द्यायचा राहून गेला होता. चर्चमध्ये शास्त्रवाचनाची पाळी त्यांच्यावर आली की मंडळी आपापलं पुस्तक उघडून मुकाट्याने स्वतःच वाचून घेत. उलट त्यांची बायको मरिया गाणं उचलायची तेव्हा फाटकाबाहेरचे रिक्षावालेही ताल धरायचे. संसारात दोघांचा मिळून आवाज बेताचा होता, असं म्हणायला हरकत नाही.

तर असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करतो? सरांनी हौशी रेडिओची परीक्षा दिली, लायसन मिळवलं आणि जाहीर केलं की आपण आता उपग्रहावरून जगाशी बोलणार. जाहीर केलं म्हणजे पुटपुटले. मरियाला ते कळलं महिनाभराने, सहा फुटी डिश जिन्यात अडकली तेव्हा.

डिश एका केबलवाल्याने टाकून दिलेली होती. तिच्या तोंडाशी सरांनी तांब्याची तार गोल गोल वळवून स्वतःचा अँटेना बसवला. स्टँड केला शेजारच्या कानिफनाथने, उसाच्या मोडक्या ट्रॉलीचं लोखंड वेल्डिंग करून. त्यामुळे त्या स्टँडने डिशच काय, दोन टन ऊसही पेलला असता.

"ह्यो उपग्रह फिरत न्हाई का वो?" कानिफनाथने नटबोल्ट आवळत विचारलं.

"फिरतो. पण पृथ्वीच्याच गतीने. म्हणून आपल्याला तो एकाच जागी दिसतो. डिश एकदा रोखली की हलवायची नाही."

"काय?"

सरांनी पुन्हा सांगितलं.

"म्हंजी दिवाळीला आल्याला जावई. आला, बसला, उठायचं नाव न्हाई."

पश्चिमेकडे, जरा दक्षिणेला कलती अशी डिश अखेर बसली, आणि एके दिवशी सरांच्या लॅपटॉपमधून खरोखरच माणसं बोलू लागली. जर्मनीतला एक जण आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होता. ब्राझीलमधला त्याला तूप लावल्यासारखं गोड बोलून धीर देत होता. सर आनंदाने गच्चीभर फिरले. पण ऐकणं वेगळं आणि बोलणं वेगळं. सर बोलायचे, पाव सेकंदात त्यांचाच आवाज आकाशातून परत यायचा, आणि तो इतका बारीक असायचा की त्यांना स्वतःलाच "काय म्हणालात?" असं विचारावंसं वाटायचं. पंधरा दिवस झाले, एकानेही उत्तर दिलं नाही.

मग मरियाने मुदत घातली. रविवारी महिला मंडळाची प्रार्थना त्यांच्या गच्चीवर होती आणि ऐन मध्यावर ते लोखंडी धूड उभं होतं.

"रविवारी पाचच्या आत एका तरी माणसाने तुम्हाला उत्तर दिलं, तर राहू दे. नाहीतर सोमवारी भंगारवाला बोलावते."

सर काहीतरी म्हणाले. ते तिला ऐकू गेलं नाही.

रविवारी दोन वाजल्यापासून सर कानाला हेडफोन लावून बसले. कानिफनाथ पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. त्याला रेडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण स्टँड आपण केलेला, तेव्हा तो भंगारात जाणं त्यालाही सोसवणार नव्हतं. सरांनी यंत्रावरची सगळी बटणं हळूहळू उजवीकडे नेली, थेट टोकापर्यंत. तरी कोणी ओ देईना. साडेचार झाले. खाली बायकांच्या चपला वाजू लागल्या.

"सर, चुकतंय कुटं म्हाईताय का?" कानिफनाथ न राहवून उठला. "आवो, राहुरीला फोन लावला तर मानूस साधा बोलतो. मुंबईला लावला तर जरा आवाज चढवतो. माजी पोरगी मस्कतला हाय, तिच्याशी बोलायचं तर म्या वट्यावर हुबा ऱ्हातो. आन् तुमचं ह्ये कितीय?"

"छत्तीस हजार किलोमीटर."

"आन् तुमी त्याच्या कानात गुपित सांगितल्यावानी बोलताय! पोटातनं काडा आवाज. पल्याडच्या बांधावरच्या मानसाला मोटर बंद कर म्हनून सांगताय, आसं समजा."

रेडिओलहरींना अंतरासाठी ओरडण्याशी काही देणंघेणं नसतं, हे सांगायला सरांनी तोंड उघडलं. पण जिन्यातून पहिली चटई वर आली, तिच्यामागे मरिया आली आणि तिने घड्याळाकडे पाहिलं. सरांचं विज्ञान तिथेच गळपटलं. त्यांनी छाती भरून घेतली, एक हात कानावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते ओरडले.

"हॅलोऽऽऽऽ!"

टाकीवरची कबुतरं उडाली. सर स्वतःच इतके दचकले की हेडफोनची वायर उपटून आली आणि लॅपटॉपमधून सगळ्या गच्चीवर भोंगा घुमू लागला. वरखाली, वरखाली, थांबेचना. बायका जिन्यातच थबकल्या. कानिफनाथ टाकीमागे जाऊन बसला आणि तिथून ओरडला, "सर, म्या फकस्त वेल्डिंग केलंय! मला लायसनचं काय बी म्हाईत न्हाई!"

सर मात्र जागच्या जागी खिळले होते. या भोंग्याबद्दल त्यांनी वाचलं होतं. त्या उपग्रहावर सगळ्यांनी जागा वाटून घ्यायची असते. कोणी गरजेपेक्षा जोरात घुसला तर पलीकडची यंत्रणा त्याच्या बोकांडी हा भोंगा बसवते. बटणं टोकाला होती, त्यात माइकमध्ये ही आरोळी शिरल्यावर जोरही तेवढाच वाढला. आपल्यावर ही वेळ येईल असं मात्र त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्यांनी घाईघाईने बटणं मागे घेतली. भोंगा थांबला. आणि एक बाई बोलली, इंग्रजीत, अगदी स्वच्छ, जरा रागावून. नामिबियातून बोलत होती ती.

मरियाने पंचवीस वर्षं हॉस्पिटलात नर्सची नोकरी केली होती. तिला ते इंग्रजी सगळं समजलं. ती बायकांकडे वळली.

"ती बाई म्हणतेय... यांचा आवाज फार मोठा आहे. सगळ्यांना त्रास होतोय. जरा हळू बोला, म्हणतेय."

सगळ्या बायकांनी आमोस सरांकडे पाहिलं. मंडळातल्या राहीबाईंनी तर चष्मा लावून पाहिलं.

सरांनी माइक उचलला, आपलं नाव आणि गाव सांगितलं, रीतसर माफी मागितली आणि नम्रपणे विनंती केली, "आत्ता काय म्हणालात ते पुन्हा एकदा सांगाल का?"

बाईने पुन्हा झापलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि तिसऱ्यांदा सांगायला सांगितलं. हा माणूस जरा मंद दिसतोय असं समजून बाईने एकेक शब्द सुटा करून सांगितला. मग तिचा राग निवळला आणि दोघं पावसापाण्याचं बोलू लागली.

पाच कधीच वाजून गेले होते. मंडळाने डिशच्या भोवतीने चटया अंथरल्या. सर माइक ठेवून उठले, पण गप्प बसवेना. टाकीमागून बाहेर आलेल्या कानिफनाथला ते सगळा प्रकार पहिल्यापासून सांगू लागले, भोंग्याच्या आवाजासकट. मरियाने एकदा खाकरून पाहिलं. मग मागे वळून ती म्हणाली,

"अहो, जरा हळू. आम्हाला प्रार्थना करायचीय."

सरांना इतका आनंद झाला की त्यांनी आवाज मुळीच कमी केला नाही.